सीमाभागात राहून मराठी पुस्तकं शोधायची कशी: नव्या वाचकासाठी वाटाड्या

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात घरी मराठी बोलणारी, पण शाळा कानडी किंवा इंग्रजी माध्यमात झालेली माणसं गल्लोगल्ली भेटतात. त्यांतल्या अनेकांना मराठी वाचायचं असतं, फक्त सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. माझी शाळाही कानडी माध्यमाची. मराठी यायचं ते घरातलं, शेतातलं आणि हरिपाठातलं. पुस्तकाच्या वाटेला मी नोकरी लागल्यावर गेलो, आणि तेव्हा कुणी धड सांगणारं नव्हतं. म्हणून हे सगळं क्रमानं लिहून ठेवतोय.

'वाचायलाच हवीत अशी पुस्तकं' छापाच्या याद्या इंटरनेटवर ढिगानं आहेत. त्या बहुतेक पुण्या-मुंबईच्या वाचकाला समोर धरून केलेल्या असतात. येळ्ळुरात किंवा संकेश्वरात राहणाऱ्या माणसाच्या हातात ते पुस्तक पडणार कसं, आणि कुठल्या पुस्तकानं सुरुवात केली तर तो अर्ध्यावर सोडणार नाही, हे त्यांत नसतं. माझं सांगणं असं की आपल्याच मुलखातल्या पुस्तकापासून सुरुवात करा आणि तिथून लांब जा. मोठमोठ्या नावांची पुस्तकं कुठं पळून जात नाहीत.

हाताशी काय ठेवायचं

- आधार कार्डाची झेरॉक्स, आणि दाखवायला मूळ कार्ड
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- भाड्यानं राहत असाल तर भाडेकरार किंवा हेस्कॉमचं विजेचं बिल, म्हणजे सध्याच्या पत्त्याचा पुरावा
- अनामत रक्कम आणि पहिली वर्गणी, शक्यतो रोख
- वाचनालयाचा सभासद असलेलं कुणी ओळखीचं. काही ठिकाणी अर्जावर जुन्या सभासदाची सही मागतात
- खिशात मावणारी एक वही

वहीकडे दुर्लक्ष करू नका. पुस्तकांची नावं कानावर पडतात ती बसमध्ये, लग्नात, चहाच्या टपरीवर. तिथल्या तिथं लिहून घेतलं नाही तर वाचनालयाच्या काउंटरपाशी एकही नाव आठवत नाही.

१. आधी वाचनालय, मग दुकान

सुरुवातीलाच पुस्तकं विकत घेऊ नका. तुम्हाला काय आवडतं हे तुमचं तुम्हालाच अजून माहीत नाही, आणि ते कळण्यासाठी न आवडलेलं पुस्तक निर्धास्तपणे परत करता आलं पाहिजे. ही सोय फक्त वाचनालयात आहे.

बेळगावात गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. शहरात राहत असाल किंवा कामासाठी रोज शहरात येत असाल तर पहिली चौकशी तिथं करा. गावात असाल तर तरुण मंडळाचं, देवळाच्या ट्रस्टचं किंवा एखाद्या सोसायटीचं वाचनालय आहे का बघा. बाहेरून ते फक्त पेपर वाचायची जागा वाटतं, पण आत बहुतेक वेळा दोन-चार कपाटं पुस्तकं असतात आणि किल्ली कुणाकडं तरी असते. किल्ली कुणाकडं आहे ते विचारा. ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात पुस्तकं मुख्यतः कानडी. त्यांचा उपयोग पाचव्या पायरीवर होईल.

सभासद होताना योजना नीट समजून घ्या. साधारण पद्धत एक पुस्तक आणि एक मासिक अशी असते. जादा पुस्तकाला जादा वर्गणी. अनामतीची पावती आधार कार्डासारखी जपून ठेवा, कारण सभासदत्व सोडताना तीच दाखवावी लागते. पावती हरवली की अनामत परत मिळवणं जिकिरीचं होतं.

आता आत गेल्यावर काय दिसतं ते सांगतो, कारण इथंच नवखा माणूस बावचळतो. जुन्या वाचनालयात पुस्तकांना खाकी कव्हर घातलेलं असतं आणि पाठीवर फक्त दाखल क्रमांक. सगळी पुस्तकं सारखीच दिसतात. शीर्षक वाचून उचलायची सोय नसते. मग तीन गोष्टी करायच्या. पहिली, कपाटावरचा प्रकार वाचायचा: कादंबरी, कथा, चरित्र, प्रवासवर्णन, नाटक, बालवाङ्मय. दुसरी, यादीची वही किंवा संगणकावरची यादी मागून घ्यायची आणि त्यात लेखकाच्या नावानं शोधायचं. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत भरवशाची वाटते. पुस्तक उघडून मागच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघायची. परतीच्या तारखांचे शिक्के एकाखाली एक दाटीनं पडले असतील, आणि ते वर्षानुवर्षं पडत आले असतील, तर ते पुस्तक तुमच्याच गावच्या माणसांनी पुन्हापुन्हा नेलेलं आहे. कुठल्याही परीक्षणापेक्षा मी त्या चिठ्ठीवर जास्त विश्वास ठेवतो. ज्या वाचनालयात संगणकावर नोंद होते तिथं ही चिठ्ठी आता कोरी राहते. तिथं ग्रंथपालांनाच विचारावं.

ग्रंथपालांना प्रश्न विचारताना 'काहीतरी चांगलं द्या' असं म्हणू नका. त्याला उत्तर नसतं. 'फार जाड नको, खेड्यातली गोष्ट असली तर बरं' एवढं सांगितलं तरी ते नेमक्या कपाटापाशी नेतात.

२. पहिलं पुस्तक आपल्या मुलखातलं

पहिलं पुस्तक म्हणून मी सगळ्यांना प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' सुचवतो. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लंपन नावाच्या मुलाच्या या कथा. बेळगावकडच्या कानडी-मराठी मिसळलेल्या मुलखातलं हे बालपण आहे. पुण्याच्या वाचकाला त्यातले कानडी शब्द जरा थांबून वाचावे लागत असतील, आपल्याला त्याची गरजच पडत नाही. घरात आजी जशी बोलते तसं ते पान बोलतं. मराठी पुस्तक म्हणजे आपल्याला न जमणारी शुद्ध भाषा, ही धास्ती त्या पुस्तकानं जाते. पुढची तीन पुस्तकं याच क्रमानं वाचा: 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. प्रत्येक कथा सुटी वाचता येते, पण क्रमानं वाचलं तर लंपन आपल्या डोळ्यांदेखत मोठा होतो.

संतांची आई म्हणजे कवयित्री इंदिरा संत. त्यांचं आयुष्य बेळगावात गेलं. 'गर्भरेशीम' या संग्रहाला १९८४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कवितेच्या वाटेला कधी गेला नसाल तर त्यांच्यापासून सुरुवात करा, आणि एका बैठकीत एक-दोन कवितांपेक्षा जास्त वाचू नका. कवितासंग्रह कादंबरीसारखा सलग वाचला की दहाव्या पानावर मन थकतं आणि दोष कवितेला जातो.

जी. ए. कुलकर्णी हे तिसरं नाव. जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या एकसंब्याचा, नोकरी धारवाडच्या कॉलेजात. मराठी कथेत त्यांच्याएवढी उंची फार थोड्यांनी गाठली, असं माझं ठाम मत आहे. पण इथं एक सापळा आहे. जी.एं.चं नाव ऐकून लोक थेट 'काजळमाया' किंवा 'पिंगळावेळ' उचलतात. ती पुस्तकं थोर आहेत, आणि नव्या वाचकाला जडही आहेत. आधी 'पारवा' किंवा 'हिरवे रावे' घ्या. त्यांतली माणसं, घरं, गल्ल्या या आपल्या ओळखीच्या आहेत. त्यांच्या दुःखाची सवय झाली की पुढच्या रूपककथांचं दार आपोआप उघडतं.

निपाणीकडच्या वाचकांनी महादेव मोरे शोधावेत. निपाणीत पिठाची गिरणी चालवत त्यांनी आयुष्यभर लिहिलं. तंबाखूच्या वखारी, विडी कामगार, ड्रायव्हर, गॅरेजवाले ही त्यांच्या कथा-कादंबऱ्यांतली माणसं. त्यांची पुस्तकं दुकानात कमी मिळतात, वाचनालयात जास्त.

आणि सीमेपलीकडे हाकेच्या अंतरावर, चंदगड तालुक्यात कोवाड. तिथले रणजित देसाई. माधवराव पेशव्यांवरची त्यांची 'स्वामी' १९६२ सालची. तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ऐतिहासिक कादंबरी वाचायची असेल तर तिथून सुरुवात करा. एक सावधगिरी मात्र बाळगा: कादंबरीतले संवाद, मनातले विचार हे लेखकाचे असतात. त्यातली वाक्यं इतिहास म्हणून भाषणात किंवा स्टेटसवर टाकण्यापूर्वी त्या विषयावरचं इतिहासाचं पुस्तकही चाळा.

३. पुस्तक हातात आलं की पाच मिनिटं तपासा

घरी नेण्याआधी उभ्या उभ्या एवढं करा. शीर्षकपानाच्या मागची बाजू बघा; तिथं पहिली आवृत्ती कधीची आणि पुनर्मुद्रणं किती ते छापलेलं असतं. वीस-पंचवीस वर्षं सतत छापलं जाणारं पुस्तक सहसा वेळ वाया घालवत नाही. 'संक्षिप्त' असा शब्द कुठं बारीक अक्षरात आहे का बघा. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव आहे का बघा. नसेल तर ते पुस्तक ठेवून द्या. मग मधलंच कुठलंही पान उघडून ते मनातल्या मनात वाचा. तीन-चार वाक्यांत अडखळलात तर आत्ता ते घेऊ नका, वहीत नाव लिहा.

प्रस्तावना आधी वाचू नका. मराठीत प्रस्तावनाकार बऱ्याचदा सगळी गोष्टच सांगून टाकतात.

घरी नेल्यावर पहिली तीस पानं प्रामाणिकपणे वाचा. तोवर मन लागलं नाही तर परत करा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

४. प्रत्येक प्रकारासाठी एक दार

वाचनालयातल्या प्रत्येक कपाटात शिरायला एक सोपं दार असतं. माझ्या अनुभवातली दारं देतो. पटलं नाही तर दुसरं निवडा, पण एका प्रकारातल्या एका पुस्तकावरून तो प्रकारच मोडीत काढू नका.

खेड्यातली कादंबरी: व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. पुस्तक बारीक आहे, वाक्यं छोटी आहेत, आणि शेवटी दुष्काळ येतो तेव्हा आपण त्या वाडीचेच झालेलो असतो. आयुष्यातली पहिली अख्खी मराठी कादंबरी म्हणून याहून चांगली निवड मला माहीत नाही.

विनोद: पु. ल. देशपांड्यांच्या 'गणगोत'मधलं 'रावसाहेब' हे व्यक्तिचित्र. रावसाहेब बेळगावचे, आणि त्यांच्या तोंडची भाषा वाचताना आपल्याला शेजारचे काका ऐकू येतात. मोठ्यानं वाचा. मग शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या ग्रामीण कथा.

रहस्य आणि भय: बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी महाराष्ट्रातल्या पिढ्या वाचायला लावल्या, झुंजार आणि काळापहाड ही त्यांचीच पात्रं. आज त्या जुनाट वाटतील, पण वाचनाचा वेग वाढवायला अजूनही उपयोगी पडतात. भीतीसाठी नारायण धारप, गूढकथेसाठी रत्नाकर मतकरी. या पुस्तकांना कमी लेखणारे बरेच भेटतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. रात्री जागून पुस्तक संपवायची सवय याच कपाटातून लागते.

विज्ञानकथा: जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह.

आत्मकथन: लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि दया पवारांचं 'बलुतं' (१९७८). एक घरातल्या बाईनं सांगितलेलं, दुसरं महारवाड्यातून आणि मुंबईच्या वस्तीतून आलेलं. दोन्ही लागोपाठ वाचा. एकाच भाषेत किती वेगवेगळी आयुष्यं जगली गेली ते कळतं आणि आपल्या आजूबाजूच्या माणसांकडे बघायची नजर बदलते.

जुन्या अभिजात कादंबऱ्या: इथं बेळगावकरांना माहीत असावं असं एक नाव आहे. बाबा पदमनजी, जन्म १८३१, बेळगाव. विधवांच्या हालांवरची त्यांची 'यमुनापर्यटन' १८५७ साली आली आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. तिची भाषा आज अवघड जाते, म्हणून सुरुवात तिथून करू नका. आधी ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' घ्या. यमू आपली कहाणी स्वतःच सांगते, आणि सव्वाशे वर्षांपूर्वीची असूनही ती घरगुती बोलीत सांगते. जाडी बघून घाबरू नका. ती 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली होती, तशीच रोज एक प्रकरण वाचा. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) चार-पाच कादंबऱ्या झाल्यावर घ्या. कादंबरी साधारण कशी असते हे माहीत असेल, तरच तिनं काय मोडलं ते जाणवतं.

५. कानडी येतं, त्याचा फायदा घ्या

पुण्या-मुंबईच्या बहुतेक वाचकांकडे नसलेली एक गोष्ट आपल्याकडे आहे: दुसरी भाषा. उमा कुलकर्णींचा जन्म बेळगावचा. कानडीतल्या कितीतरी कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. एस. एल. भैरप्पांचं 'वंशवृक्ष' आधी वाचा, मग 'पर्व'. 'पर्व'मध्ये महाभारतातली माणसं चमत्काराविना, हाडामांसाची म्हणून उभी राहतात. ग्रंथ जाड आहे, महिनाभर पुरतो, आणि पुरावाच.

कानडी वाचता येत असेल तर ग्रामपंचायतीच्या किंवा शहर ग्रंथालयातून मूळ पुस्तकही आणा आणि एखादं प्रकरण दोन्हीतून वाचा. कुठल्या भाषेत कोणती गोष्ट अधिक सहज बसते ते कानाला लगेच कळतं. ज्ञानपीठ मिळालेले चंद्रशेखर कंबार आपल्याच जिल्ह्यातल्या घोडगेरीचे. ते मात्र कानडीतूनच वाचावेत. आपल्याकडे भाषेवरून ताण होतात, मोर्चे होतात. वाचणाऱ्यानं दोन्ही कपाटांच्या किल्ल्या जवळ ठेवाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

६. मुलांसाठी: चित्रं, गोष्टी, कॉमिक्स

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, कारण इंग्रजी किंवा कानडी शाळेतल्या मुलाला मराठी पुस्तक घरातूनच मिळणार आहे.

लिपीची काळजी करू नका. शाळेत हिंदी असेल तर देवनागरी येतेच. कानडी शाळेतल्या मुलाला 'ळ'चा उच्चार आधीपासून येतो, फक्त आकार नवा असतो. अडतं ते चमच्यातल्या 'च' आणि चहातल्या 'च'पाशी, कारण लिहायचे एकसारखे आणि म्हणायचे वेगळे. हे शिकवून येत नाही, ऐकून येतं. म्हणून आधी तुम्ही मोठ्यानं वाचा.

वाचून दाखवायला जी.एं.चंच 'बखर बिम्मची' घ्या. 'काजळमाया' लिहिणाऱ्या माणसानं बिम्म आणि त्याची बहीण बब्बी यांच्यासाठी इतकं हलकं, इतकं खेळकर लिहिलं आहे की मोठ्यांनाही आश्चर्य वाटावं. रात्री एक प्रकरण पुरतं. प्राणी, पक्षी, झाडं सगळी बिम्मशी बोलतात, तेव्हा प्रत्येकाला वेगळा आवाज द्या. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री मूल आवाज दुरुस्त करायला लागतं, 'तो असा नाही बोलत' म्हणतं. तिथं समजा की पुस्तक लागू पडलं.

त्यानंतर माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं. चित्रंही त्यांचीच, आणि गोष्टी साध्या घरातल्या. स्वतः वाचू लागलेल्या मुलाला कॉमिक्स द्या. 'चिंटू'चे संग्रह उत्तम, कारण तीन-चार चौकटींत गंमत पूर्ण होते आणि मूल एकदम दहा वाचून काढतं. अमर चित्र कथा मराठीतही मिळतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. सायकल, धाडस, भानगडी सगळं त्यात आहे.

पालक इथं हमखास एक चूक करतात: मूल कॉमिक वाचत बसलं की 'त्यापेक्षा खरं पुस्तक वाच' म्हणून ते काढून घेतात. असं करू नका. चौकटीतला संवाद वाचणारं मूल वाचतच असतं. दुसरी चूक, गोष्ट संपली की 'यातून काय शिकलास?' विचारणं. त्या प्रश्नानं पुस्तकाचा अभ्यास होतो आणि पुढचं पुस्तक मूल उघडत नाही.

दोन फुकट ठिकाणं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला मिळतात. नामवंत लेखकांनी आणि चित्रकारांनी मुलांसाठी काय केलं ते त्यांत साठलेलं आहे. दुसरं, प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर'. तिथं चित्रगोष्टी वाचनपातळीनुसार लावलेल्या आहेत, आणि कितीतरी गोष्टी मराठी आणि कानडी दोन्हींत आहेत. आधी कानडीतून, मग तीच मराठीतून, असं वाचलं की कानडी शाळेतलं मूल अर्थ ठाऊक असल्यामुळे अडखळत नाही.

७. दिवाळी अंक चुकवू नका

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही चाल. नव्या वाचकाला एका अंकात कथा, कविता, प्रवासवर्णन, व्यक्तिचित्र, व्यंगचित्र सगळं चाखायला मिळतं. विकत घ्यायला महाग पडतात, म्हणून वाचनालयाची दिवाळी अंक योजना घ्या. ठरावीक रकमेत दोन-तीन महिने अंक बदलून मिळतात. नोंदणी दिवाळीच्या आधी होते. आवडलेल्या लेखकाचं नाव वहीत, आणि मग त्याचं पुस्तक शोधायचं.

८. गावोगावची साहित्य संमेलनं

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, निपाणी भागात कारदगा. सुगी आटोपली की हिवाळ्यात या गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. हे वैभव दुसरीकडे सहसा दिसत नाही. गावकरी वर्गणी काढून मंडप घालतात, पाहुणे घरोघरी जेवतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते: पालखीत ग्रंथ, पुढं लेझीम, टाळ, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका. दिंडी शाळेच्या पटांगणात पोचली की मंडपाच्या कडेला पुस्तकांची दुकानं उघडलेली असतात.

उद्घाटनाची भाषणं चालू असतात तेव्हा दुकानांत गर्दी नसते. विक्रेत्याशी निवांत बोलायचं ते तेव्हाच. त्याला जिल्हाभर काय खपतं ते पाठ असतं. दुपारच्या कथाकथनाला मात्र जाऊन बसा. ज्याची कथा ऐकताना मंडप हसला, त्याचा संग्रह बाहेर टेबलावर असतो आणि लेखक स्वतः सही देतो. सवलत शेवटच्या सत्राच्या वेळी जास्त मिळते, पण तोवर चांगली पुस्तकं संपलेली असतात. तारखा स्थानिक मराठी पेपरमध्ये आठ-पंधरा दिवस आधी येतात.

सहलीचा बेत असेल तर साताऱ्याकडे पाचगणीजवळचं भिलार बघून या. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. तिथं एकेका घरात एकेका प्रकाराची पुस्तकं मांडली आहेत: एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात बालसाहित्य, तिसऱ्यात चरित्रं. वाचायला पैसे पडत नाहीत. प्रकार ओळखायला याहून सोपी जागा नाही.

९. विकत घ्यायची वेळ आली की

वाचनालयातून आणलेलं पुस्तक परत करवत नाही असं झालं, की ते विकत घ्या. मोठ्या खरेदीला कोल्हापूर सोयीचं. घरपोच हवं असेल तर 'बुकगंगा'सारख्या मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानातून किंवा थेट प्रकाशकाला फोन करून मागवा. दोन-तीन घरांनी मिळून एकच मागणी केली तर टपालखर्च वाटला जातो.

रस्त्यावर अर्ध्या किमतीत नवीकोरी गाजलेली कादंबरी दिसली तर पानं बघा. छपाई पुसट, ओळी तिरक्या, कागद पलीकडचं दाखवणारा, मुखपृष्ठ फोटोवरून काढल्यासारखं असेल तर ती चोरून छापलेली प्रत आहे. लेखकाला त्यातून एक पैसा मिळत नाही, आणि बऱ्याचदा मधली पानंही गायब असतात. जुनी, वापरलेली पुस्तकं ही वेगळी गोष्ट. रद्दीच्या दुकानात ती जरूर शोधा. फक्त पहिलं-शेवटचं पान आणि वाळवी तपासून घ्या.

१०. फोनवर, पण रीतसर

व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफ घेऊ नका. रीतसर फुकट भरपूर आहे. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी खुलं होतं. म्हणून ह. ना. आपटे (मृत्यू १९१९) आणि साने गुरुजी (मृत्यू १९५०) यांच्यासारख्यांचं लेखन बिनदिक्कत वाचता येतं. मराठी विकिस्रोत आधी बघा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली बरीच प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. बसचा प्रवास लांबचा असेल तर बोलती पुस्तकं ऐका. वाचायला अवघड गेलेली जुनी भाषा कानाला सोपी जाते.

११. पुस्तक कुठंच नसेल तर

वाचनालयात मागणीची किंवा सूचनांची वही असते. ती मागून घ्या. लेखकाचं पूर्ण नाव, शीर्षक, प्रकाशक, किंमत आणि खाली तुमचा सभासद क्रमांक एवढं स्वच्छ अक्षरात लिहा. 'चांगली पुस्तकं आणावीत' असल्या नोंदीवर समिती काहीच करू शकत नाही. नेमक्या नावावर खरेदी होते. एकाच पुस्तकाखाली तीन-चार सभासदांच्या नोंदी असल्या तर ते यादीत वर जातं, म्हणून मित्रांनाही लिहायला सांगा. खरेदी बहुधा वर्षातून एकदा-दोनदाच होते. ती कोणत्या महिन्यात होते ते ग्रंथपालांना विचारून ठेवा आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात वही पुन्हा मागून घ्या.